पहिली ओळ खालची

इचलकरंजीत आमची खोली मागांच्या कारखान्याला पाठ लावून होती. मधली भिंत एका विटेची. पलीकडे सोळा माग आणि अलीकडे आम्ही तिघं. आईनं फळीवर भांडी कधी मांडली नाहीत. मांडली की ती थरथरत कडेला यायची आणि खाली पडायची. म्हणून आमची भांडी जमिनीवर असायची आणि फळीवर नुसते कपडे. कापसाचे तंतू भाकरीवर बसायचे, पाण्यावर तरंगायचे, माझ्या वेणीत अडकायचे. शाळेत मुली मला म्हातारी म्हणायच्या.

वडिलांना मी आण्णा म्हणायची. ते त्याच कारखान्यात माग चालवायचे, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी येऊन ते त्या भिंतीलाच डोकं टेकून झोपायचे, आणि त्या खडखडाटात त्यांना गाढ झोप लागायची. त्यांना जाग यायची ती वीज गेल्यावर. माग थांबले की आण्णा दचकून उठून बसायचे आणि विचारायचे, "काय झालं?"

आई घरी कांड्या भरायची. मागावर आडवं सूत ज्या लहानशा नळीवरून सुटतं ती कांडी. शाळेला जायच्या आधी तासभर मीही चरख्याला बसायची. आमच्या ओळीतल्या मुली दहावी झाली की शिलाईच्या मशीनवर जायच्या. मी मात्र जाणार नाही, हे आण्णांनी मी पाचवीत असतानाच सांगून टाकलं होतं. मला नाही, आईला. मी ते त्यांच्या ओठांवर वाचलं.

हे ओठांचं सांगायला पाहिजे. कारखान्यात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून मागावरची माणसं आवाज न काढता बोलतात आणि समोरच्याचे ओठ वाचतात. दोन मागांच्या पलीकडून चहा सांगतात, शिव्या देतात, कुणाच्या लग्नाची बातमी देतात. आण्णांचे कान तर चाळिशीच्या आतच गेले होते. त्यामुळे घरीही आमचं बरंचसं बोलणं तसंच चालायचं. शाळेत बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात उभं केलं होतं. "तोंड हलवतेस, मग आवाज का काढत नाहीस?" मला प्रश्नच समजला नव्हता.

मी सातवीत असताना आम्ही जोतिबाला गेलो होतो. खाली उतरताना एका दुकानात आण्णांनी टीव्हीला जोडायचा गेम घेतला. खोक्यावर लिहिलं होतं, नव्याण्णव खेळ. निघाले सात. तेच सात फिरून फिरून यायचे. त्यातल्या एका खेळात हातात कंदील घेतलेला एक छोटा शिपाई गुहांमध्ये उतरायचा. वाटेत वस्तू सापडायच्या आणि गुहेच्या शेवटी एक मोठा राक्षस उभा असायचा. त्याला मुलं बॉस म्हणायची. त्या खेळात जिथं थांबलो तिथून पुढं सुरू करायची सोय नव्हती. वीज गेली की सगळं पहिल्यापासून. मी चौथ्या गुहेच्या पुढं कधीच गेले नाही.

आण्णा पाळीवरून आले की माझ्यामागं बसून बघायचे. टीव्ही बंद पडला की विचारायचे, "मेला का त्यो?"

"न्हाय आण्णा. लाईट गेली."

"मंग न्हाय मेला. बसला आसंल वाट बघत."

पुढं मी कोल्हापूरला कॉलेजात गेले, कॉम्प्युटर घेऊन. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सांगते तेव्हा लोकांना फुशारकी वाटते. आहेच ती. अर्जावर वडिलांचं शिक्षण विचारलं होतं, तिथं मी चौथी असं ठळक लिहिलं. तेव्हा मला त्याची लाज नव्हती. लाज पुढं वाटली, एकदाच, आणि ती मी अजून फेडते आहे.

दुसऱ्या वर्षाला असताना इंटरनेटवर मला काही मुलं सापडली. ती आमच्याच पिढीची, तोच कंदीलवाल्या शिपायाचा खेळ खेळलेली, आणि तशीच अर्ध्यावर अडकलेली. त्यांनी त्याच धर्तीचा, पण पुढच्या गुहांचा नवा खेळ करायला घेतला होता, निव्वळ हौस म्हणून. प्रोग्राम लिहिणारा मुलगा नागपूरचा. तोच सगळ्यांची मोट बांधायचा. मी आमच्याकडच्या मुलींसारखं "मी करतो, मी बघतो" असं बोलायची, त्यामुळे पहिले दोन आठवडे त्याला मी मुलगाच वाटले. व्हिडिओवर पहिल्यांदा दिसले तेव्हा तो म्हणाला, "अरे, तू तर मुलगी आहेस!" मी म्हटलं, "व्हय. मग काम काढून घेतोस काय?"

त्यानं काम काढून घेतलं नाही. उलट एक अख्खी दुनिया माझ्या गळ्यात टाकली: पाच गुहा, त्यातल्या सगळ्या वस्तू आणि पाच बॉस. मी पहिली यादी पाठवली. आगीची तलवार. बर्फाची ढाल. जादूचं औषध. उडता सर्प. मोठा कोळी.

त्याचं उत्तर आलं, "हे मी दहा खेळांत पाहिलंय. तुझं काय आहे?"

मला राग आला. माझं काय असणार? भिंतीपलीकडे सोळा माग.

सुट्टीला घरी गेले तेव्हा हे मी चिडून सांगत होते. आण्णा जेवत होते. त्यांनी घास थांबवला.

"बॉस म्हंजे मालक व्हय?"

"मालक न्हाय आण्णा. राक्षस. गुहेच्या शेवटाला उभा आसतोय."

"मंग मालकच की," आई कांडीवरची नजर न काढता म्हणाली.

आण्णा हसले. मग विचारलं, "तुज्या शिपायाच्या हातात काय हाय?"

"तलवार."

"झिजती का?"

"न्हाय. तलवार कशी झिजंल?"

"मंग ती तलवार न्हाय. हातात धरल्यालं सगळं झिजतंय."

तिथून सुरू झालं. त्या दुपारी मी कागद घेऊन बसले आणि आण्णा बोलत राहिले. तलवार गेली, तिच्या जागी धोटा आला. धोटा म्हणजे कांडी पोटात घेऊन मागावर इकडून तिकडे धावणारं लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी अणी असलेलं. आमच्या खेळात शिपाई तो फेकतो आणि तो सरळ रेषेत परत येतो. "पण झेलाय जाग्यावर पायजे," आण्णा म्हणाले. "जागा सोडलीस तर त्यो तुलाच लागणार. उडाल्याला धोटा माणूस वळकत न्हाय." त्यांच्या डाव्या भुवईवर त्याची खूण होती.

मग गाठ आली. तुटलेला धागा आण्णा एका हातानं, न बघता जोडायचे. खेळात त्या गाठीनं तुटलेला पूल जोडता येतो. पण गाठी तीनच. तिन्ही संपल्या की वळसा घालून जायचं. मग तेलाची कुप्पी, कातर, फणी. जीव भरून काढायला औषधाऐवजी जेवणाचा डबा ठेवला. मी म्हटलं, डबा खाल्ला की पूर्ण जीव परत. आई म्हणाली, "अर्धाच दे. कामावर पुरा डबा कुणी खाल्लाय आजपातूर? तुज्या आण्णांनी तर न्हाय."

म्हणून आमच्या खेळात डब्यानं अर्धाच जीव भरतो.

बॉस पण आण्णांनीच सांगितले. पहिला फुफाटा, कापसाच्या धुरळ्याचा. त्याच्यावर जितके वार कराल तितका तो फुगतो, कारण वाऱ्यानं फुफाटा वाढतो. त्याच्यासमोर गप उभं राहायचं, तो खाली बसला की पाणी शिंपडायचं. दुसरा सुताला खळ पाजतात तिथला बॉयलर. तिसरा उतारावरून गडगडत येणारा बीम, उभं सूत गुंडाळलेला भला मोठा रूळ. चौथा साक्षात माग.

"त्याला मारायचं कसं?" मी विचारलं. "म्हंजे, कधी मारायचं? खेळणाऱ्याला काय तरी खूण मिळाय पायजे."

आण्णांनी माझा हात धरला आणि भिंतीवर ठेवला. पलीकडे सोळा माग चालू होते.

"बघ. आता एकाचा ठेका चुकंल."

मला सगळा एकच खडखडाट. त्यांनी तळहात भिंतीला लावून डोळे मिटले होते. थोड्या वेळानं म्हणाले, "गेला." आणि पलीकडे एक माग थांबल्याचं मलाही कळलं.

"माग उगीच बंद पडत न्हाय. आदी सांगतोय. ऐकाय कान लागत न्हाईत."

चौथ्या बॉसची खूण तीच झाली. खेळणाऱ्याच्या हातातलं यंत्र एका ठेक्यात थरथरतं. ठेका चुकला की तीच वेळ. नागपूरच्या मुलाला हे सांगितलं तेव्हा त्यानं मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाला, "हे कुठून आणलंस?" मी म्हटलं, घरातून.

चित्रं काढायचं काम तेव्हा कुणाकडेच नव्हतं. ते आण्णांनी घेतलं, आणि खरं तर ते त्यांचंच काम होतं. कापडात छोटी नक्षी काढायला मागावर डॉबी नावाचं यंत्र बसवतात. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर भरतात. काळा चौकोन म्हणजे पट्टीत खुंटी ठोकायची, पांढरा म्हणजे सोडायची. एक जण ओळ वाचतो, दुसरा ठोकतो. आण्णा चौथी शिकलेले, पण कारखान्यात नक्षीचा कागद त्यांच्याशिवाय कुणी भरत नव्हतं. कॉम्प्युटरच्या जुन्या खेळातली चित्रंही अशीच चौकोन चौकोन भरून होतात, हे मी त्यांना मोठं करून दाखवलं. ते म्हणाले, "हे तर आमचंच हाय की."

नक्षीला थोड्या ओळी पुरतात. बॉसला चौसष्ट लागायच्या. आण्णांनी चार कागद खळ लावून जोडले आणि आठवडाभर पाळी संपल्यावर दारात बसून फुफाटा भरला. लाल-निळी पेन्सिल, कानाला लावलेली. मग मी लॅपटॉप घेऊन बसले आणि ते ओळ ओळ वाचू लागले. "पांढरे बारा. काळे तीन. पांढरा एक." पट्टी ठोकणाऱ्याला सांगतात तसं. मी आकडे टाकत गेले. चौसष्ट ओळी. आण्णांचा घसा बसला.

त्या दुपारी आमच्या गटाचा व्हिडिओ कॉल होता. आण्णा खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात बसून चहा पीत होते. मी सगळ्यांसमोर फुफाटा पडद्यावर आणला.

तो उलटा होता. डोकं जमिनीवर, पाय आभाळात.

मला लगेच कळलं काय झालंय. कापड खालून वर विणलं जातं. पहिली ओळ खालची. आण्णांनी कागद नेहमीसारखा खालून वाचला होता. कॉम्प्युटर वरून खाली मोजतो. चूक दोघांचीही नव्हती, आणि असली तर माझी, कारण दोन्ही बाजू माहीत असलेली त्या घरात मी एकटीच होते. पण कॉलवर हशा पिकला होता. कुणी तरी विचारलं, हे कुणी काढलंय? माझे कान तापले. मी हसून म्हणाले, "आमच्या वडिलांनी. मनावर घेऊ नका. चौथी शिकलेत. डोकं कुठं आणि पाय कुठं, त्यांना काय कळतंय!"

सगळे आणखी हसले. नागपूरचा मुलगा हसला नाही. त्यानं विचारलं, "बाजूला दिसतायत ते तेच ना? ऐकतायत ना?"

"नाही रे," मी म्हणाले. "त्यांना ऐकू येत नाही."

आणि मान वळवली. आण्णा माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडाकडे.

मी कांड्यांच्या घरात जन्मलेली पोरगी. बोलायच्या आधी मी ओठ वाचायला शिकलेली. मी हे विसरले. हे आमच्याकडचं पाच वर्षांचं पोरही विसरत नाही. ज्या माणसाबद्दल बोलायचं असेल त्याला पाठ करून बोलतात. लॅपटॉप मांडीवर घेऊन मी त्यांच्याकडे अर्धी वळून बसले होते.

आण्णांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "च्या घेतीस? गार व्हाय लागलाय."

एवढंच.

पुढच्या वेळी घरी गेले तेव्हा चारही बॉसचे कागद माझ्या उशाशी गुंडाळून ठेवले होते. फुफाटासुद्धा पुन्हा भरला होता. सगळे वरून खाली. प्रत्येक ओळीला आकडा, एक वरती, चौसष्ट खालती. आणि प्रत्येक कागदाच्या माथ्यावर, लाल पेन्सिलीनं, मुलं पाटीवर काढतात तसल्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, वर. शेजारी बाण.

वाचून दाखवायला ते बसले नाहीत. "आता तुजं तुला कळंल," म्हणाले आणि पाळीवर गेले.

मी माफी मागायला हवी होती. त्याच दिवशी, कारखान्याच्या दारात उभं राहून, दोन ओठ हलवले असते तरी झालं असतं. त्यांनी तिथून वाचलं असतं. मी मागितली नाही. मनात म्हटलं, पाचवा बॉस करायला बसू तेव्हा बोलू. परीक्षा आल्या. मग आणखी एक परीक्षा. फोनवर तर आमचं बोलणं होतच नसे. फोनवर ओठ दिसत नाहीत. व्हिडिओ लावला की ते एक मिनिट बघायचे, "जेवलीस का?" विचारायचे आणि फोन आईकडे द्यायचे.

शेवटच्या वर्षाला त्यांचा खोकला वाढला. कापसाची धूळ इतकी वर्षं भाकरीवर बसली होती, तशी ती छातीतही बसली होती. इचलकरंजीतून त्यांना कोल्हापूरच्या दवाखान्यात आणलं. माझ्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. आई रात्री थांबायची, मी कॉलेज सुटल्यावर दुपारी.

तिथं त्यांना झोप येईना. नर्स म्हणाली, इथं तर किती शांत आहे. आई म्हणाली, "त्येच तर. त्यास्नी वाटतंय लाईट गेली." ते सारखे डोळे उघडायचे आणि खाटेवरून इकडे तिकडे बघायचे. काय झालं, असं.

तिसऱ्या दिवशी मी खेळायचं यंत्र घेऊन गेले, चौथ्या बॉसचा ठेका लावलेलं. ते त्यांच्या तळहाताखाली ठेवलं आणि सुरू केलं. खाटेच्या लोखंडाला बारीक थरथर सुटली. आण्णांची बोटं त्यावर पसरली. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटले. ते झोपले. शेजारच्या खाटेवरच्या कोडोलीच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पोरी, ह्ये कसलं मशीन म्हणायचं? मला बी लावा की एक."

त्या आठवड्यात मी त्यांना पाचव्या बॉसचं विचारलं. चार झालेत, शेवटचा राहिलाय. ते बोटानं म्हणाले, कागद आण. मी जोडलेला कागद आणि पेन्सिल त्यांच्या पिशवीत ठेवली. ते कधी काढायचे मला दिसलं नाही. मी गेले की कागद पिशवीत असायचा. आई म्हणायची, "सकाळी बसत्यात जरा. मला बी बघू देत न्हाईत."

मग ऑक्सिजनचा मास्क लागला. नाकापासून हनुवटीपर्यंत.

त्या दुपारी वॉर्डात भेटायला आलेल्यांची गर्दी होती. मी खाटेच्या कडेला त्यांच्यासमोर बसले, उजेड माझ्या तोंडावर पडेल अशी. आवाज न काढता म्हणाले, "आण्णा, त्या दिवशी मी चुकलो. तुम्हाला सगळं कळत हुतं. कळत न्हवतं ते मला."

त्यांनी नीट वाचलं. शेवटपर्यंत नजर हलवली नाही. मग ते बोलले.

मास्कच्या आत ओठ हलले असतील. मला फक्त जबडा दिसला, पांढरी दाढी वर-खाली झालेली, आणि प्लास्टिकवर वाफ. आवाज त्यांनी काढला नाही, कारण समोरासमोर बसलो की आम्ही कधीच काढत नसू. मी विचारलं, "काय?" ते पुन्हा बोलले, या वेळी थोडकंच. पुन्हा वाफ. मास्क बाजूला करायला मी हात पुढं केला, तेवढ्यात नर्स ओरडली, "ताई, हात लावू नका!"

मी हात मागे घेतला. आणि मान हलवली. समजल्यासारखी.

त्यांचं समाधान झालं असावं. डोळे मिटून त्यांनी हात यंत्रावर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

दहावा झाल्यावर आईनं दवाखान्याची पिशवी रिकामी केली. टॉवेल, चष्मा, तांब्या, आणि घडी केलेला कागद. मी तो जमिनीवर पसरला.

माथ्यावर वर असं लिहिलेलं नव्हतं. बाण नव्हता. आकडे नव्हते. कागद खालून भरलेला होता, पहिल्यासारखा, मागावरच्यासारखा. सगळ्यात खाली दोन पाय, डावा थोडा पुढं. जाड पट्ट्यांच्या चपला. गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं धोतर म्हणावं तर ती लुंगी होती. मागाच्या पट्टीला टेकलेली कंबर. एका हातात धोटा. दुसरा हात पसरलेला, तळवा समोर, भिंतीला लावतात तसा. मग छाती, मग खांदे. एक्केचाळीस ओळी मी मोजल्या. त्याच्या वर पांढरे चौकोन.

चेहरा नव्हता.

आईला विचारलं, "त्या दिवशी काय म्हणाले आसतील गं?"

"मला काय म्हायती?" आई म्हणाली. "तोंडावर मास्क नव्हता तवा इचारायचं हुतंस."

ती कठोर नाही. ती खरं बोलते. मग ती कागदाजवळ बसली आणि पायांवरून हात फिरवत म्हणाली, "चपला बघ की. अंगठा तुटल्यालासुदीक काढलाय."

त्यांनी खालून का सुरुवात केली हे मला माहीत नाही. मला माफ केलं म्हणून, का दुखण्यात माझी रीत विसरून हात आपल्या जुन्या रीतीवर गेला म्हणून. मी हा प्रश्न फार दिवस उलटापालटा केला. त्याचं उत्तर त्या मास्कच्या आत होतं, आणि मी ते समजल्यासारखी मान हलवली होती.

नागपूरच्या मुलाला कागदाचा फोटो पाठवला. तो म्हणाला, "चेहरा आपण दुसऱ्या कुणाकडून काढून घेऊ. कुणाला कळणार नाही." मग लगेच लिहिलं, "सॉरी. तू सांग, काय करायचं."

मी सांगितलं, चेहरा काढायचा नाही. तेवीस ओळी रिकाम्या राहतील.

मग मी बसून शेवटची गुहा लिहिली. शिपाई आत येतो तेव्हा समोर काही नसतं. हातात थरथर सुरू होते. मग खालून पाय दिसतात, गुडघे, कंबर, एकेक ओळ, मागाच्या ठेक्यावर. खांद्याशी येऊन थांबतं. बॉसला चेहरा नसल्यामुळे तो कुठं बघतोय हे कळत नाही. पुढचा वार कुठून येईल याची खूण फक्त हातात. प्रत्येक बॉसला मरण लिहावं लागतं, तो कसा कोसळतो, त्याच्यातून काय निघतं. चौघांची मी हसत लिहिली होती. याचं लिहायला घेतलं आणि तीन दिवस कोरे गेले. त्याच्यावर धोटा फेकलेला मला बघवेना.

शेवटी त्या गुहेच्या भिंतीवर मी एक मेन स्विच ठेवला. खेळणाऱ्यानं सगळे वार चुकवत तिथंवर जायचं आणि तो खाली ओढायचा. मग ठेका थांबतो. हातातली थरथर थांबते. आणि जो बॉस आतापर्यंत उभ्या उभ्या झोपेत विणत होता, तो हात खाली घेतो आणि जागा होतो. मरत नाही. खेळ तिथं संपतो.

राहिली फुफाट्याची गोष्ट. मी जुने चार कागद बाहेर काढले, लाल अक्षरात वर लिहिलेले. ते तसेच ठेवले आहेत, फक्त त्यांचे आकडे मी खालच्या ओळीपासून पुन्हा टाकले. प्रोग्राममध्ये चित्रं वाचणारी जी ओळ होती ती मी बदलली. बदल लहान होता, दहा मिनिटांचा. तो मला त्याच दुपारी करता आला असता, कॉल चालू असताना, हसायच्या आधी.

निकाल लागला. मी पदवीधर झाले, आमच्या घरातली पहिली. आईनं गुणपत्रिका फळीवर कपड्यांच्या घडीखाली ठेवली, सरकून पडू नये म्हणून.

खेळही पूर्ण झाला. त्यात एकोणीस वस्तू आहेत आणि पाच बॉस. पाचही माझ्या वडिलांनी काढले, आणि शेवटी येणाऱ्या नावांच्या पाटीवर त्यांचं नाव पहिलं आहे. त्या खेळातलं प्रत्येक चित्र कॉम्प्युटर खालून वर वाचतो.